सोळाव्या रस्त्यावरचे चर्च

बौद्ध माणसाने चर्चमध्ये कशाला जावे, असे काही वाचक विचारतील. प्रश्न रास्त आहे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाला देवापुढे हात जोडायचे नसतात, मग तो देव कोणाचाही असो. पण काही वास्तू देवामुळे नव्हे, माणसांमुळे मोठ्या होतात. अमेरिकेतील अलाबामा राज्यात बर्मिंगहॅम नावाचे शहर आहे. तेथील सोळाव्या रस्त्यावरचे बॅप्टिस्ट चर्च ही अशीच वास्तू. ती पाहण्याचा योग आम्हाला आला. आम्ही तेथे प्रार्थना केली नाही, पण मान आपोआप खाली झुकली.

बर्मिंगहॅम हे लोखंड-पोलादाचे शहर. भट्ट्यांवर आणि खाणींत काळे मजूर मोठ्या संख्येने राबत. पण त्याच मजुरांना हॉटेलात बसायला बंदी, बसमध्ये मागची बाके, पाण्याचे नळसुद्धा वेगळे. हे ऐकून चवदार तळे आठवणार नाही असा आपल्यात कोण आहे? या मंडळींनी १८७३ साली आपले चर्च स्थापन केले. आजची विटांची इमारत १९११ साली पुरी झाली. तिचा आराखडा करणारा वॉलेस रेफिल्ड काळा आणि बांधणारा कंत्राटदारही काळा. बाहेरच्या जगाने दारे बंद केलेली, म्हणून सभा, व्याख्याने, गाण्याचे जलसे सारे येथेच होत. थोर विद्वान डॉ. डुबॉईस येथे बोलून गेले. हे तेच डुबॉईस, ज्यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहून अस्पृश्यांच्या आणि अमेरिकेतील काळ्यांच्या स्थितीतील साम्य सांगितले होते आणि ज्यांनी त्या पत्राला आपुलकीने उत्तर दिले होते. म्हणजे हे घर आपल्याला अगदीच परके नाही.

१९६३ च्या वसंतात डॉ. मार्टिन ल्यूथर किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शहरातील भेदभावाविरुद्ध लढा उभारला. पण मोठी माणसे तुरुंगात जायला कचरत होती. त्यात भित्रेपणा नव्हता. पकडले गेले की नोकरी जाई, आणि नोकरी गेली की चूल विझे. तेव्हा पुढे आली शाळकरी मुले. चर्चमध्ये त्यांना आधी शिकवण मिळाली : कोणी मारले तरी हात उचलायचा नाही. २ मे रोजी ही मुले गाणी म्हणत तुकड्यातुकड्यांनी चर्चच्या पायऱ्या उतरली. पहिल्याच दिवशी शेकडो पकडली गेली. दुसऱ्या दिवशी शहराचा सार्वजनिक सुरक्षा आयुक्त बुल कॉनरने त्यांच्यावर आगीच्या बंबाचे पाणी सोडले, कुत्री घातली. तुरुंग भरून वाहू लागले. ती छायाचित्रे जगभर गेली आणि आठवडाभरात शहराच्या व्यापाऱ्यांना समझोता करावा लागला.

हा विजय काहींना पचला नाही. १५ सप्टेंबर १९६३ हा रविवार. चर्चमध्ये त्या दिवशी तरुणांचा खास कार्यक्रम होता. तळघरातील खोलीत पाच मुली कपडे, केस ठीकठाक करीत होत्या. सकाळी १० वाजून २२ मिनिटांनी पायऱ्यांखाली दडवलेल्या सुरुंगाच्या दारूचा स्फोट झाला. ॲडी मे कॉलिन्स, सिंथिया वेस्ली आणि कॅरोल रॉबर्टसन या तिघी १४ वर्षांच्या, आणि डेनिस मॅकनेअर ११ वर्षांची. चौघी जागीच गेल्या. पाचवी, ॲडी मेची बारा वर्षांची धाकटी बहीण सारा, वाचली. पण तिचा एक डोळा कायमचा गेला. त्याच दिवशी शहरात आणखी दोन काळी मुले गोळीला बळी पडली.

आमच्या मायबहिणींनी येथे क्षणभर थांबावे. मुलांना मोर्चात पाठवावे की नाही, यावर तेव्हाही मोठा वाद झाला. माल्कम एक्स यांनी तर मुलांना पुढे करण्यावर कडक टीका केली होती. आईबापांच्या काळजाला तो प्रश्न आजही टोचतो, आणि त्याचे सोपे उत्तर आमच्याजवळ नाही. पण एवढे ध्यानात घ्या. त्या मुली त्या दिवशी मोर्चात नव्हत्या. त्या आपल्याच घरात होत्या. अन्यायापुढे गप्प बसल्याने मूल सुरक्षित राहते, ही समजूत त्या तळघरात गाडली गेली.

पुढची कथा न्यायाची. गुन्हेगार कोण, याची कुजबुज शहरात होतीच, पण वर्षानुवर्षे कोणावर खटला उभा राहिला नाही. पहिल्या आरोपीला शिक्षा झाली १९७७ साली, म्हणजे १४ वर्षांनी. दुसऱ्याला २००१ साली, तिसऱ्याला २००२ साली. चौथा संशयित १९९४ मध्ये कोणताही खटला न होता मेला. आणि साराची लेखी माफी मागायला अलाबामाच्या गव्हर्नरांना २०२० साल उजाडावे लागले. जेव्हा जेव्हा हे प्रकरण पुन्हा उघडले, तेव्हा ते कोणाच्या तरी पाठपुराव्यामुळे उघडले. न्यायाला पाय नसतात. त्याला खांद्यावर घेऊन चालावे लागते.

चर्चमध्ये मागच्या बाजूला वर एक रंगीत काचेची खिडकी आहे. आम्हाला सर्वांत अधिक बोलकी वाटली ती हीच. दूरच्या वेल्स देशात स्फोटाची बातमी पोचली, तेव्हा जॉन पेट्स नावाच्या कलावंताने नवी खिडकी करून द्यायचे ठरवले. तेथल्या वर्तमानपत्राने वर्गणी सुरू केली आणि एक अट घातली : कोणीही अर्ध्या क्राउनहून, म्हणजे अडीच शिलिंगांहून, जास्त द्यायचे नाही. एखाद्या धनवंताने सारी रक्कम भरून खिडकी आपल्या नावावर करू नये, ती साऱ्या वेल्सची असावी, एवढाच हेतू. १९६५ साली ती खिडकी बसली. तिच्यात हात पसरलेला काळा येशू आहे. एक हात अन्याय दूर लोटणारा, दुसरा क्षमेचा. ज्यांनी या मुलींना कधी पाहिले नाही, अशा माणसांची चिल्लर त्या काचेत आहे.

चर्चसमोरच केली इन्ग्रॅम बाग आहे. तेथे वाटेच्या दोन्ही बाजूंनी अंगावर झेपावणारी धातूची कुत्री आहेत. त्यांच्यामधून चालताना थोर माणसाचाही पाय अडखळतो. मग त्या मुलांचे काय झाले असेल! कोपऱ्यावर चौघी मुलींची शिल्पे २०१३ साली बसवली. त्यांच्यात एक मुलगी कबुतरे उडवीत आहे. कबुतरे सहा आहेत. चौघी मुलींची चार आणि त्याच दिवशी गेलेल्या दोन मुलांची दोन.

बंधुभगिनींनो, हे सारे पाहताना आम्हाला आपली विहारे आठवली. तीही वर्गणीतूनच उभी राहिली. कोणी रोजाचे पैसे दिले, कोणी घमेली वाहिली. आज त्यातल्या किती विहारांचे कुलूप केवळ जयंतीला आणि पौर्णिमेला उघडते? किती भिंतींवर देणगीदारांच्या नावांच्या फरशा आहेत आणि मुलांसाठी एक फळा नाही? ते चर्च शत्रूला खुपले ते त्याच्या घंटेमुळे नव्हे. तेथे मुले निर्भय होत होती, म्हणून ते खुपले.

तेव्हा पुढच्या वेळी विहारासाठी वर्गणी काढाल, तेव्हा वेल्सची अट घालून पाहा. सर्वांनी थोडे द्यावे, कोणाचेच नाव मोठे नको. त्या पैशातून फळा घ्या, पुस्तकांचे कपाट घ्या, आणि दर रविवारी सकाळी मुलांना बसवा. येत्या १५ सप्टेंबरच्या जवळच्या रविवारी त्यांना ॲडी मे, सिंथिया, कॅरोल आणि डेनिस या चौघींची गोष्ट सांगा. मुलींना पुढच्या रांगेत बसवा. त्यांनी प्रश्न विचारले, तर रागावू नका.

जयभीम!