समितीपुढे मूल एकटं, आईही एकटी

पद्मनाभपुर आणि अवघ्या दुर्ग-भिलाईतल्या मराठी शेजाऱ्यांना ही कळकळीची विनंती आहे. आत्ताच का, तेही सांगतो.

धानाची कापणी उरकली की छत्तीसगडच्या गावांमधून कितीतरी कुटुंबं परमुलखातल्या वीटभट्ट्यांवर निघतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. लेकरं कधी सोबत जातात, कधी आजीजवळ राहतात. अशा दिवसांत आजीनं अंथरूण धरलं, मूल उघड्यावर पडलं, तर ते बाल कल्याण समितीपुढे येतं. बाल न्याय कायदा, 2015 सांगतो की घरची चौकशी पंधरा दिवसांत व्हावी आणि अंतिम आदेश चार महिन्यांच्या आत निघावा. मुदत रास्त आहे. पण नेमक्या त्याच महिन्यांत घराला कुलूप असतं. चौकशीला आलेल्या माणसाला शेजारी सांगतात, "बाहेरगावी गेलेत." कुठल्या भट्टीवर, कोणत्या ठेकेदाराबरोबर, हे विचारून काढणारं कुणी नसतं.

दुसरी गोष्ट आपल्या अधिक जवळची. दुर्ग हे मुंबई-हावडा मार्गावरचं जंक्शन. गोंदिया, भंडारा, नागपूरकडून गाडीत बसलेलं पोर इथे उतरू शकतं. घाबरलेलं मूल हिंदीत गावाचं नाव धड सांगेलच असं नाही. मराठीत मात्र शाळेचं, मामाचं, देवळाचं नाव सांगून जाईल, आणि तेवढ्यावर घर सापडतं.

आता आईचं बघा. समिती म्हणजे कोर्ट, कोर्ट म्हणजे पोलीस, असा तिचा समज. एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यांत किमान एक महिला, एवढी ही समिती. पण तिच्यापुढे उभं राहायचं तर मजुरी बुडते, भाड्याला पैसे लागतात आणि कागद मागितला की हात कापतात. ती दोन तारखांना आली नाही की लोक म्हणतात, आईलाच नको आहे. मला हा निवाडा फार घाईचा वाटतो.

कायद्याचं म्हणणं निराळं आहे. मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची आणि संस्था हा शेवटचा उपाय, असं त्यात स्पष्ट आहे. विधवा किंवा टाकलेली आई, दुर्धर आजारानं खचलेले पालक, अनाथ नातवंडं सांभाळणारे आजी-आजोबा अशांसाठी मिशन वात्सल्य या सरकारी योजनेत दर मुलामागे महिना 4,000 रुपयांचं प्रायोजकत्व आहे. त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न गावात 72,000 आणि शहरात 96,000 रुपयांच्या आत असावं लागतं. केवळ गरिबीपायी लेकरू बालगृहात ठेवण्याआधी या मदतीसाठी अर्ज भरला गेला का, एवढं तरी कुणी विचारायला हवं.

भिलाई स्टील प्लांटमध्ये उभी हयात फायली हाताळून निवृत्त झालेले लोक आपल्या गल्ल्यांत कमी नाहीत. गणेशोत्सवाची वर्गणी पै-पैनं जुळवणारेही आपणच. जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा, ओळखपत्र दाखवा, स्वयंसेवक म्हणून नाव द्या. पहिल्या खेपेला "नंतर या" म्हणतील, नंतर जा. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आईसोबत तहसीलमध्ये चला, तारखेच्या दिवशी तिच्याबरोबर बाकावर बसा, आदेशात काय लिहिलंय ते तिच्या भाषेत समजावून सांगा. घरात जागा आणि मनात तयारी असेल त्यांनी पालनपोषणासाठी मूल तात्पुरतं घरी ठेवण्याची चौकशी करावी. हे दत्तक नव्हे. समितीची हरकत नसेल तर जन्मदाते आई-बाप त्याला ठरावीक दिवशी भेटू शकतात.

मात्र जिथे घरातच मारहाण किंवा अत्याचार झाला असेल, तिथे समेटाची घाई करू नका. तो निर्णय समितीचा. आणि सापडलेल्या मुलाचा फोटो कृपा करून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका. हेतू चांगला असला तरी अशा मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

एकटं मूल दिसलं तर 1098 हा बाल हेल्पलाइनचा नंबर फिरवा. चोवीस तासांच्या आत कळवणं कायद्यानं प्रत्येकावर बंधनकारक आहे. आणि भट्टीवर गेलेल्या एखाद्या कुटुंबाचा ठावठिकाणा तुम्हाला ठाऊक असेल, तर तो याच आठवड्यात बाल संरक्षण कक्षाला कळवा.