पॅकेज आणि हप्ता
तिरोड्यात धान विकून मुलाला एमबीएला पाठवणाऱ्या घरांनी पॅकेजआधी हप्ता विचारावा. दहा लाखांचे कर्ज, व्याज 10 टक्के, मुदत 10 वर्षे: महिना सुमारे 13,200 रुपये. शिकत असताना बँक हप्त्यासाठी थांबते, व्याज मात्र चढतच राहते. ते धरले तर आकडा आणखी वाढतो. पहिला पगार 25,000 असला, तर पुण्यातली खोली आणि मेस उरलेल्यात बसवायची कशी? कॉलेज सरासरी पॅकेज छापते, आणि ती दोन-चार मोठ्या पगारांनी फुगते. पगारांच्या रांगेत मधोमध उभ्या मुलाला किती मिळाले, किती जण रिकाम्या हाताने परतले, हे लेखी मागा. देत नसतील तर फी भरू नका. आधी दोन वर्षे नोकरी करून कॅटला बसलेले बरे.