पोट थांबलं, पण छाती जळते

‘काही नाही वं बाई, पित्तच तं आहे!’ कौंडण्यपूरच्या बचतगटात हे वाक्य ऐकलं नाही अशी बैठक विरळाच. दोष जातो साबुदाण्यावर, ठेच्यावर, रिकाम्या पोटीच्या चहावर. पाळीच्या दिवसांतल्या गोळीवर मात्र कुणाचा संशय जात नाही.

मैत्रिणींनो, पाळीत पोट दुखलं की आपण दुकानातून जी गोळी आणतो, तिच्यात बरेचदा डायसायक्लोमिन आणि मेफेनॅमिक अ‍ॅसिड ही दोन औषधं असतात. पैकी डायसायक्लोमिन मज्जातंतूंकडून स्नायूंना जाणारा निरोप अडवतं. पेटके त्यानेच थांबतात. पण ते काही फक्त ओटीपोटापुरतं काम करत नाही! अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंची एक कडी असते, आम्ल वर येऊ न देणारी. तीही सैलावते. जठर हळू रिकामं होतं. तोंड कोरडं पडतं, म्हणजे आम्ल धुऊन नेणारी लाळही कमी. शिवाय मेफेनॅमिक अ‍ॅसिड जठराच्या अस्तराला त्रास देतं ते वेगळंच. म्हणून तर आम्लाने अन्ननलिकेला सूज असलेल्यांनी, अंगावर पाजणाऱ्या आईने डायसायक्लोमिन घेऊ नये, सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला देऊ नये, असं माहितीपत्रकात छापलेलं असतं. पण अक्षरं मुंगीएवढी आणि तीही इंग्रजीत. वाचणार कोण?

संशोधकांना याची दुसरी बाजूही दिसली आहे. महादेवाला वाहतो त्या धोतऱ्यात (विषारी असतो, बरं का!) अ‍ॅट्रोपिन असतं, तेही याच जातीचं. १९९८ साली ‘गट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. अ‍ॅट्रोपिन दिल्यावर रुग्णांच्या कडीचा दाब घटला, तरी आम्ल वर येणं कमी झालं. कारण कडी मध्येच आपोआप उघडते, ते उघडणंच कमी झालं. पुढे बॅक्लोफेन या दुसऱ्या औषधानेही तसंच दिसलं. पण गुंगी आणि चक्कर यांमुळे ते सरसकट देत नाहीत. तेव्हा असलं काही वाचून दुकानातली पोटदुखीची गोळी पित्तावर घेऊ नका.

दुखणं सोसत बसा, असं मी मुळीच म्हणत नाही. गरम पाण्याच्या पिशवीने शेकल्यावरही बराच आराम पडतो. जळजळ सांगायला दवाखान्यात जाल तेव्हा पाळीच्या गोळीचं पाकीट सोबत न्या, लाजू नका. डॉक्टरांनीही आपण होऊन विचारायला काय हरकत आहे? आणि घास अडकत असेल, शौचाला काळं होत असेल किंवा उलटीत रक्त दिसलं, तर आठवडी बाजाराची वाट पाहू नका. त्याच दिवशी तिवसा नाही तर अमरावती गाठा.