येमेनी वधूची चांदी

पॅलेस्टाईनच्या बातम्या पाहून मुले विचारतात, ‘यहुदी आपले कायमचे शत्रू आहेत का?’ जुलमाला जुलूम म्हणायला त्यांना जरूर शिकवावे. पण त्याबरोबर येमेनच्या चांदीची हकीकतही सांगावी.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत येमेनमध्ये चांदीचे दागिने घडवणारे कारागीर बहुतेक यहुदी होते. सनआ शहरात आणि डोंगरातल्या खेड्यांतही त्यांची दुकाने असत. अरब कबिल्यांना हातकाम कमीपणाचे वाटे. शिवाय चांदीच्या बदल्यात चांदी देताना वजन समान हवे, हा शरीअतचा नियम. त्यामुळे मुसलमान या धंद्यापासून दूर राहिले, असेही एक कारण सांगितले जाते.

चांदी मिळे ती ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसा नाण्यांतून. ही राणी १७८० मध्ये वारली. पुढे पाडलेल्या प्रत्येक नाण्यावर तेच साल राहिले. सुमारे २८ ग्रॅमचे हे नाणे वितळवून कारागीर बारीक तार ओढी, तिचे जाळीकाम करी आणि त्यावर चांदीचे इवलेसे दाणे बसवी. बौसानी आणि बदीही ही घराणी या कामासाठी नावाजलेली होती. ताविजाच्या चांदीच्या नळीला ‘हिर्झ’ म्हणत. मुस्लिम गिऱ्हाईक तिच्यात कुरआनच्या आयती ठेवी, यहुदी हिब्रू मजकूर ठेवी. घडवणारा हात मात्र एकच.

लग्नात मिळालेली चांदी ही मुस्लिम वधूची स्वतःची मालमत्ता. पतीचा तिच्यावर हक्क नाही. अडीअडचणीला तीच मोडायची. म्हणजे चांदीत भेसळ झाली असती, तर त्या बाईचा आधारच पोकळ ठरला असता. तो आधार ती एका यहुदी कारागिराच्या तराजूवर सोपवत होती.

हे सारे गोडगोड होते असे नाही. यहुद्यांना जिझिया द्यावा लागे, शस्त्र बाळगता येत नसे. बरोबरीचा दर्जा त्यांना नव्हता. तरीही व्यवहारातला विश्वास टिकून होता. १९४९-५० मध्ये सुमारे ४९ हजार यहुदी विमानांनी इस्राएलला गेले. जाण्यापूर्वी आपला हुन्नर मुसलमानांना शिकवावा, अशी अट इमामांनी घातली होती. काहींनी तो उचललाही; पण पिढ्यान्‌पिढ्यांचे कसब थोड्या दिवसांत हातात येत नाही. शेजारी गेला की त्याच्याबरोबर काय जाते, ते तेव्हा कळते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांचे निधन झाले तेव्हा त्यांचे चिलखत एका यहुद्याकडे जवाच्या बदल्यात गहाण होते, हे हदीसमध्ये आले आहे. मदीनेत मुसलमान आणि यहुदी यांच्यात युद्धेही झाली होती. तरी त्या माणसाशी व्यवहार तुटला नव्हता.

मुलांना हा फरक समजावून द्या. अन्याय करणाऱ्याला अडवायचे, पण त्याच्या साऱ्या कौमेला दोषी धरायचे नाही. आपल्याबद्दल लोकांनी असाच न्याय करावा, ही आपलीही अपेक्षा आहेच ना?