दप्तर दिलंत, जमिनीचं काय?



अंबरनाथ-बदलापूरच्या आसपासच्या कातकरी-ठाकर वाड्यांत संस्थावाले फॉर्म घेऊन येतात. पोराचा फोटो परदेशी जातो, तिकडचा कुणी ‘पालक’ दरमहा पैसे धाडतो. पोराला दप्तर, वह्या, गणवेश मिळतो. बदल्यात आभाराचं पत्र लिहायचं. वह्या जरूर घ्या. पण यानं वाडीचा विकास झाला म्हणाल, तर आम्ही ऐकून घेणार नाही.

दिवाळी झाली की वाडी रिकामी होते. बापानं पावसाळ्यातच वीटभट्टीवाल्याची उचल घेतलेली असते, ती फेडायला सगळं घर भट्टीवर. पोरगंही जातं, विटा पालटतं, धाकट्याला सांभाळतं. पाऊस येईस्तोवर परत नाही. शाळेच्या पटावर नाव, संस्थेच्या फायलीत फोटो, आणि पोरगं भट्टीवर! उचलीपायी माणूस बांधून ठेवणं 1976 च्या कायद्यानं गुन्हा आहे. फॉर्मात उचलीचा रकानाच नाही.

बाप भट्टीवर का जातो? पोटापुरती जमीन उरली नाही म्हणून. कुणाची बारवी धरणात बुडाली, कुणाची सावकाराच्या नावावर चढली. हे बोललं की संस्थावाले म्हणतात, आम्ही राजकारणात पडत नाही. बरंय!

1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात बिगर-आदिवासीकडे गेलेली शेतजमीन परत देण्याचा कायदा 1974 चा आहे. पोराचा फॉर्म भराल त्याच दिवशी तलाठ्याकडं जा, जुन्या फेरफाराची नक्कल मागा. जमीन कधी, कुणाच्या नावावर गेली ते त्यात लिहिलेलं असतं.