नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

परवा कॅन्टीनमध्ये कृषी महाविद्यालयात शिकणारा माझा गावचा मित्र आला होता. मातीतल्या सूत्रकृमींची नवी प्रजाती कशी ठरवतात, हे तो रंगून सांगत होता. आमच्यातला एकजण म्हणाला, "किड्याला नाव ठेवून कुणाचं पोट भरतं?" सगळे हसले. मीही हसलो. रात्री खोलीवर आल्यावर मात्र त्या हसण्याची लाज वाटली.

गेल्या वर्षी वडिलांनी अर्धा एकर टोमॅटो लावला. मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमीला दाद न देणारे वाण, म्हणून रोपे जादा पैसे मोजून आणली. महिन्याभरात झाडे दुपारी माना टाकू लागली. उपटून पाहिली, तर मुळांवर गाठीच गाठी! रोपे विकणाऱ्याने पाण्याला दोष दिला, वडिलांनी नशिबाला. माझी परीक्षा फी त्या वर्षी मामांनी भरली.

आता ज्या नावाला आम्ही हसलो, त्याची हकीकत ऐका. या कृमीच्या प्रजातीचे नाव मेलॉयडोगायनी. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ फळासारखी गोल स्त्री. कारण मादी मुळात फुगून बसते. ब्राझीलमध्ये कॉफीची झाडे मरत होती, तेव्हा त्यांच्या मुळांत ती पाहून गोएल्डी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे नाव दिले. पुढे ते मागे पडले. हेटेरोडेरा ही तिची जवळची नातेवाईक. त्याच घराण्यात हिलाही ढकलले गेले आणि बहुतेक साऱ्या गाठी एकाच जातीच्या माथी मारल्या गेल्या. (जाती हा शब्द येथे शास्त्राचा आहे, आपल्या गावचा नव्हे.)

१९४९ साली अमेरिकेत चिटवुड यांनी ही दोन घराणी पुन्हा वेगळी केली. हेटेरोडेराची मादी मेल्यावर तिचे शरीरच कडक कोष होते आणि बरीच अंडी त्यात राहतात. मेलॉयडोगायनीची मादी मऊच राहते आणि अंडी बाहेर चिकट पुंजक्यात घालते. शिवाय एक समजल्या गेलेल्या गाठवाल्या कृमीतून चिटवुड यांनी पाच जाती निराळ्या दाखवल्या. कशावरून? मुख्यतः मादीच्या मागच्या टोकाच्या कातडीवर असणाऱ्या बारीक रेषांवरून. मित्राने चित्र दाखवले, आणि मला आजी आठवली. हुबेहूब अंगठ्याचा ठसा! आजी अजूनही सहीच्या जागी अंगठाच उठवते. एवढ्या खुणेवरून माणूस ओळखता येतो हे आम्हाला पटते. कृमीच्या बाबतीत मात्र हसू येते.

हा फरक केवळ पुस्तकातला नाही. इन्कॉग्निटा नावाच्या जातीला भुईमुगावर जगता येत नाही, म्हणून तेथे भुईमुगाची फेरपालट कामाला येते. पण हाप्ला ही तिची बहीण भुईमुगावर मजेत जगते. टोमॅटोच्या वाणातला जो गुण इन्कॉग्निटाला अडवतो, तो हाप्लाला अडवत नाही. १९८३ साली चीनमधून वर्णन झालेली एन्टेरोलोबी तर त्या गुणाला मुळीच जुमानत नाही. अर्थात जमीन फार तापली, तरीही तो गुण ढिला पडतो. रेषाही कधी कधी फसवतात, म्हणून हल्ली डीएनए तपासतात.

आमच्या मुळांत यांपैकी कोण होते? कुणी पाहिलेच नाही. माती परीक्षणाच्या कागदावर सामू होता, नत्र, स्फुरद, पालाश होते. कृमीचा रकाना नव्हता. वास्तविक आमच्या तालुक्याला सूक्ष्मदर्शकापाशी बसून या रेषा वाचणारा एक माणूस हवा, आणि त्याला पगारही हवा, असे मला नम्रपणे वाटते. आम्ही कलाशाखेचे विद्यार्थी शब्दांचे अभिमानी म्हणवतो. मग एका अचूक नावासाठी आयुष्य घालवणाऱ्याला नावे कशी ठेवतो?

वडिलांनी यंदा त्याच तुकड्यात भुईमूग टाकला आहे. दिवाळीच्या सुट्टीत चार रोपे मुळांसकट उपटून, ओल्या मातीसह मित्राकडे नेऊन देणार आहे. "कशाला उपटतोस चांगली रोपं?" म्हणून वडील रागावतील, हे नक्की.

— द्वितीय वर्ष, कला