99 टक्क्यांचं बेअरिंग

गेल्या शनिवारी चहा पिता पिता एक पेपर वाचत होतो. विषय प्रेडिक्टिव्ह मेंटेनन्स, म्हणजे मशीन बसायच्या आधीच ते बसणार हे ओळखणं. अचूकता म्हणे 99 टक्क्यांच्या वर! आनंद व्हायला हवा होता, पण वैताग आला. कारण डेटा पुन्हा तोच, अमेरिकेतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. 2 हॉर्सपॉवरची मोटर आणि तिच्या बेअरिंगांवर स्पार्क इरोजनने मुद्दाम पाडलेले खड्डे, 0.007 इंचापासून पुढे. म्हणजे बेअरिंग झिजलेलं नाही, त्याला जखम केलीय. यात विद्यापीठाची काहीच चूक नाही. डेटा सगळ्यांना फुकट दिला, हे उपकारच. चीड येते ती पुढच्या प्रकाराची. एकाच रेकॉर्डिंगचे तुकडे करायचे, थोडे शिकवायला, थोडे परीक्षेला. पाठ करून घेतलेलीच प्रश्नपत्रिका परीक्षेत द्यायची आणि पोरगा बोर्डात आला म्हणून पेढे वाटायचे! लोड बदलून तपासलं म्हणाल, तर बेअरिंग तेच. मॉडेल बिघाड ओळखतंय की नुसतं ते बेअरिंग, कोण सांगणार?

नासाचा 2008चा टर्बोफॅन डेटाही असाच लाडका, पण ती इंजिनं सिम्युलेशनमधली. सिनसिनाटी विद्यापीठातल्या आयएमएस सेंटरने बेअरिंगं खरोखर मरेपर्यंत फिरवली. तीन प्रयोगांत 12 बेअरिंगं, त्यातली बिघडली फक्त 4. खरा बिघाड इतका महाग असतो, साहेब.

आता हे 99 टक्के कारखान्यात नेऊ. समजा 500 मोटरी आहेत आणि प्रत्येक शिफ्टला एक तपासणी. दिवसाला झाल्या 1500. एक टक्का जरी खोटे अलार्म धरले तरी रोज 15. धडधाकट मशीन उघडून बघायला कोण जाणार? आणि उघडणं फुकट नसतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये वॉडिंग्टन यांच्या गटाला दिसलं, की दर 50 तासांच्या तपासणीनंतर लगेच विमानांचे बिघाड वाढतात. चांगलं चाललेलं उघडलं की ते बिघडतं, हे आपल्या आजीलाही माहीत होतं.

आमचंही तेच झालं. एका कारखान्यात आमचं सॉफ्टवेअर बसवलं आणि तिसऱ्या आठवड्यात फिटर लोकांनी अलार्मचा आवाजच बंद केला. मी मनातल्या मनात त्यांना अडाणी ठरवून मोकळा झालो. अडाणी मी होतो. कुठला पंप कधी गेला, कशाने गेला, हे त्यांच्या लॉगबुकात बॉलपेनने लिहिलेलं होतं आणि आम्ही ते मागितलंसुद्धा नव्हतं.

कंपन्याही काही कमी नाहीत. ब्रेकडाउनच्या नोंदी म्हणजे जणू घरातली भांडणं, चारचौघांत कशाला! मग प्राध्यापक तोच जुना डेटा दळत बसतात, आणि मेंटेनन्सचं बजेट कापायला मॅनेजर तेच 99 टक्के पुढे करतो.

म्हणून मागणी साधी आहे. शिकवायची बेअरिंगं वेगळी, परीक्षेची वेगळी. पेपरात अचूकतेच्या शेजारी खोटे अलार्म लिहा, दर मशीनमागे महिन्याला किती ते. आणि कंपन्यांनो, हवं तर नावं खोडा, पण लॉगबुकं उघडा.

तोवर मी तरी त्या फिटरच्या कानावर जास्त विश्वास ठेवीन.